जुन्या संगणकाचा परवाना कुठे असतो?

जुना लॅपटॉप विकणारा दुकानदार गिऱ्हाइकासमोर मशीन सुरू करतो, सेटिंग्जमध्ये जाऊन ॲक्टिवेशनचे पान उघडतो आणि सांगतो, ‘बघा, विंडोज ओरिजिनल आहे, ॲक्टिवेटेड आहे.’ गिऱ्हाईक निर्धास्त होते आणि पैसे मोजते. पण त्या एका वाक्यात दोन निरनिराळे दावे आहेत. विंडोज या मशीनवर चालू आहे हा पहिला, आणि ते वापरण्याचा हक्क मशीनबरोबर तुमच्याकडे येतो आहे हा दुसरा. पहिला दावा पडद्यावर दिसतो. दुसऱ्याचा पुरावा पडद्यावर असेलच असे नाही, आणि जुन्या मालाच्या बाजारात गल्लत होते ती नेमकी इथे. माझे म्हणणे असे आहे की जुन्या संगणकाचा योग्य परवाना कोणता हे ठरवताना आज त्यावर काय चालते आहे याला दुय्यम मानावे आणि ते मशीन कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा त्याच्यासोबत कोणता परवाना होता याचा शोध आधी घ्यावा. बहुतेक ब्रँडेड मशीनच्या बाबतीत हे उत्तर मशीनच्याच पोटात सापडते. एवढेच नाही, तर ‘विंडोज टाकून देण्याचे’ म्हणून जे वेगळे पैसे मागितले जातात, त्यातला परवान्याचा भाग गिऱ्हाइकाने मशीनच्या किमतीत बहुधा आधीच दिलेला असतो.

हा प्रश्न आत्ता निकडीचा होण्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित अपडेट थांबवले. त्याआधी ५ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, सिक्युअर बूट आणि इंटेलच्या बाबतीत जवळजवळ सरसकट आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे, अंगाने अगदी ठणठणीत असलेले लॅपटॉप कंपन्यांनी बाहेर काढायला सुरुवात केली. ‘लीजचा माल’ किंवा ‘कॉर्पोरेट पीस’ या नावाने ही मशीन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, बंगळूरच्या एस. पी. रोडवर उतरतात आणि तिथून तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचतात. घेणारे कोण असतात? अभियांत्रिकीचा विद्यार्थी, दाखले काढून देणारा सेवा केंद्रचालक, हिशेबनीस, छोटी पतसंस्था, शाळा. जुने मशीन पुन्हा वापरात येणे ही सर्वार्थाने चांगली गोष्ट आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनीही रीफर्बिशर, म्हणजे जुनी मशीन दुरुस्त करून पुन्हा बाजारात आणणारा, हा वेगळा घटक मानून त्याला नोंदणीच्या चौकटीत घेतले आहे. म्हणूनच या व्यवहारातला परवान्याचा भाग स्वच्छ असावा असे मनापासून वाटते.

विंडोजचे परवाने ढोबळमानाने तीन वाटांनी येतात. पहिला ओईएम, म्हणजे मशीन बनवणाऱ्याने कारखान्यातच घालून दिलेला. दुसरा रिटेल, म्हणजे एखाद्याने दुकानातून किंवा ऑनलाइन वेगळा विकत घेतलेला. तिसरा व्हॉल्यूम, म्हणजे एखाद्या कंपनीने, विद्यापीठाने किंवा सरकारी कार्यालयाने करार करून घाऊक घेतलेला. जुन्या मशीनच्या गिऱ्हाइकाला यांतला फरक कळणे महत्त्वाचे आहे, कारण तिन्हींचे हस्तांतराचे नियम वेगळे आहेत. विंडोज १० आणि ११ च्या परवान्याच्या अटींनुसार मशीनबरोबर आलेला परवाना दुसऱ्या माणसाला देता येतो, मात्र त्या मशीनसकटच. मशीनवर अस्सल लेबल असेल तर तेही सोबत गेले पाहिजे. परवाना सोडवून दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही. रिटेल परवाना एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर घालता येतो. दुसऱ्या माणसालाही देता येतो, पण देणारा त्या परवान्याचा पहिला धारक असला पाहिजे. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या हातातून आलेली रिटेल की अटींच्या दृष्टीने लंगडीच. आणि व्हॉल्यूम परवाना हा संस्थेचा असतो. संस्थेने मशीन विकले की तो मागे संस्थेकडेच राहतो.

आता कॉर्पोरेट लॅपटॉपचे उदाहरण जरा जवळून पाहू, कारण बाजारात तोच सर्वांत जास्त दिसतो आणि गोंधळही त्याच्याच भोवती जास्त असतो. कंपनीने लॅपटॉप घेतला तेव्हा तो बहुधा विंडोज प्रोच्या ओईएम परवान्यासह आला. आयटी खात्याने डिस्क पुसून त्यावर कंपनीचे एंटरप्राइज किंवा घाऊक परवान्यावरचे प्रो घातले. कर्मचाऱ्याने चार वर्षे तेच वापरले, आणि मशीन बाजारात आले तेव्हा कधी तेच तसेच राहिलेले असते, तर कधी दुकानदाराने तशाच घाऊक प्रकारचे विंडोज नव्याने टाकलेले असते. या मशीनचा परवाना कोणता? पडद्याकडे पाहिले तर उत्तर येते ‘एंटरप्राइज’, आणि ते चूक आहे, कारण तो परवाना विकण्याचा हक्क ना दुकानदाराला आहे ना कंपनीला. पण गोष्ट इथे संपत नाही. डेस्कटॉप विंडोजचे घाऊक परवाने मायक्रोसॉफ्ट फक्त अपग्रेड म्हणून विकते. त्यांच्याखाली मशीनचा स्वतःचा पात्र परवाना असावाच लागतो. म्हणजे कंपनीचे एंटरप्राइज ज्या पायावर उभे होते तो ओईएम प्रो परवाना त्या लॅपटॉपमध्ये तसाच शाबूत पडलेला असतो. नव्या मालकाचा हक्क त्यावर आहे. दुकानदाराने एखादी चलाखी करून एंटरप्राइज ॲक्टिवेट करून दिले, तर त्याने गिऱ्हाइकाच्या हक्काचे झाकून ठेवले आणि बिनहक्काचे हातात दिले. डिस्क पुसून प्रो नव्याने टाकले असते तर दोन्ही गोष्टी सरळ झाल्या असत्या, तेही परवान्यावर एक पैसा खर्च न करता.

जन्माचा हा दाखला कुठे असतो ते मशीनच्या वयावर अवलंबून आहे. विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, विंडोज ७ पर्यंतच्या काळात मशीनवर एक स्टिकर असे. डेस्कटॉपच्या कॅबिनेटच्या बाजूला, लॅपटॉपच्या पोटाला, काही मॉडेलमध्ये बॅटरी काढल्यावर दिसेल असा. त्यावर आवृत्तीचे नाव आणि २५ अक्षरांची की छापलेली. हातातल्या घामाने आणि मांडीवरच्या घर्षणाने ती अक्षरे पुसली जात, आणि पुसलेली की म्हणजे हरवलेला कागद. शिवाय मोठ्या कंपन्यांच्या मशीनमध्ये प्रत्यक्ष चालणारी की स्टिकरवरची नसेच. कारखान्यात त्या कंपनीची एक सामाईक की घातलेली असे आणि बायोसमधल्या खुणेशी जुळवून ती आपोआप ॲक्टिवेट होई. त्यामुळे पडद्यावरची की आणि स्टिकरवरची की वेगळी दिसली म्हणून लगेच चोरीचा माल समजण्याचे कारण नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ आले आणि पद्धत बदलली. प्रत्येक मशीनची स्वतंत्र की कारखान्यातच मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्ये, एमएसडीएम नावाच्या छोट्या तक्त्यात, लिहिली जाऊ लागली. बाहेर उरले ते की नसलेले साधे विंडोजचे लेबल. डिस्क बदला, फॉरमॅट मारा, हा तक्ता जागेवर राहतो. विंडोज नव्याने टाकताना इन्स्टॉलर तो वाचतो आणि की न विचारता योग्य आवृत्ती निवडतो. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या ब्रँडेड मशीनसाठी हा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

तो वाचणे अवघड नाही. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून पॉवरशेल प्रशासक म्हणून उघडायचे आणि ‘सॉफ्टवेअर लायसन्सिंग सर्व्हिस’ या घटकाकडून ‘ओए३एक्स ओरिजिनल प्रॉडक्ट की’ ही नोंद मागायची. की आली तर मशीन विंडोजसह जन्मले आहे. त्याच घटकात वर्णनाचीही नोंद असते आणि तिथे आवृत्ती कळते. ‘प्रोफेशनल’ असेल तर प्रो, ‘कोअर’ असेल तर होम, ‘कोअर सिंगल लँग्वेज’ असेल तर भारतात विकल्या गेलेल्या घरगुती लॅपटॉपमध्ये हरघडी दिसणारे होम सिंगल लँग्वेज. नोंद कोरी आली तर फर्मवेअरमध्ये की नाही. मशीनवर विंडोजच नसेल तर उबुंटूचा पेन ड्राइव्ह लावून, इन्स्टॉल न करता नुसते सुरू करून, फर्मवेअरच्या तक्त्यांत एमएसडीएम आहे का ते पाहता येते. यानंतर दुसरी चौकशी, सध्या चालणाऱ्या विंडोजची. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबायचे, येणाऱ्या चौकटीत एसएलएमजीआर ही इंग्रजी अक्षरे, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि डीएलआय असे टंकायचे. एक छोटी खिडकी उघडते. तिच्यात वर्णनाच्या ओळीत ‘ओईएम’, ‘रिटेल’ किंवा ‘व्हॉल्यूम’ यांपैकी एक शब्द असतो आणि खाली कीची शेवटची पाच अक्षरे. फर्मवेअर म्हणते प्रो आणि खिडकी म्हणते ‘ओईएम डीएम’ प्रो, तर दोन साक्षी जुळल्या आणि विषय संपला.

जुळल्या नाहीत तर त्या का जुळत नाहीत ते पाहावे लागते. खिडकीत ‘व्हॉल्यूम केएमएस क्लायंट’ आले आणि शेवटची अक्षरे टी ८ ३ जी एक्स दिसली, तर ती विंडोज प्रोची घाऊक ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने स्वतःच जाहीर केलेली सामाईक की आहे. एंटरप्राइजची अशीच की २ वाय टी ४ ३ ने संपते. या की गुप्त नाहीत, आणि त्या एकट्याने काही सिद्धही करत नाहीत. संस्थेच्या आत केएमएस नावाचा सर्व्हर असतो, तो मशीनला १८० दिवसांची मुदत देतो, आणि मशीन संस्थेच्या जाळ्यात असेपर्यंत मुदत पुन्हापुन्हा वाढत राहते. असे विंडोज घरी आणलेल्या जुन्या लॅपटॉपवर असेल तर एक तर कंपनीची मुदत संपत आली आहे, किंवा कुणीतरी खोटा केएमएस बसवला आहे. त्याच खिडकीत सर्व्हरचे नाव दिसते. तिथे इंटरनेटवरचा अनोळखी पत्ता किंवा खुद्द त्याच मशीनचा अंतर्गत पत्ता दिसला तर संशयाला जागा उरत नाही. उलट एक खूण अशी आहे की जिच्याने लोक विनाकारण घाबरतात. खिडकीत ‘रिटेल’ आणि शेवटी ३ व्ही ६ ६ टी असे दिसते, आणि मशीन तर कंपनीने विकलेले असते. ही विंडोज १० आणि ११ प्रोची सर्वत्र सारखी असलेली सामाईक की आहे. परवाना डिजिटल स्वरूपात मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर, त्या मदरबोर्डच्या ओळखीशी बांधून ठेवला आहे, एवढाच तिचा अर्थ. २९ जुलै २०१५ नंतर विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट अपग्रेड झालेल्या मशीनवर असेच दिसते. तो मार्ग मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला, पण ज्या मशीनला डिजिटल परवाना आधीच मिळाला त्यांचा तो टिकून आहे. अडचण एवढीच की हीच पाटी खोट्या मार्गानेही मिळवता येते, आणि दोन्ही प्रकारांत पडदा तंतोतंत सारखा दिसतो. यासाठीच पडद्याला एकट्याला साक्षीदार मानू नये असे मी म्हणतो. गाडी किल्लीने सुरू झाली म्हणून आरसी बुकाची चौकशी कुणी सोडून देत नाही.

जिथे जन्माचा परवानाच नाही अशीही मशीन असतात, आणि भारतात ती थोडीथोडकी नाहीत. नवा लॅपटॉप घेताना काही हजार रुपये वाचावेत म्हणून अनेकांनी डॉस किंवा उबुंटू असलेले मॉडेल घेतले आणि दुकानातच विंडोज टाकून घेतले. तसा लॅपटॉप आज जुन्या बाजारात विंडोज १० प्रोसह दिसला, तरी त्याच्या फर्मवेअरमध्ये काही सापडणार नाही. गल्लीतल्या दुकानात जुळवलेला, म्हणजे असेंबल्ड, डेस्कटॉपही बहुतेक वेळा तसाच. त्याच्या कॅबिनेटवर स्टिकर असले तरी आतला बोर्ड तोच आहे याची खात्री कोण देणार? ओईएम परवाना व्यवहारात मदरबोर्डशी बांधलेला असतो. बिघडलेला बोर्ड कंपनीच्या सेवा केंद्राने बदलला तर परवाना टिकतो. बाहेरच्या कारागिराने भंगारातून काढलेला बोर्ड बसवला तर फर्मवेअरमध्ये दुसऱ्याच मशीनची की बोलू लागते, आणि तिथे बोर्डचे मॉडेल व बाहेरच्या लेबलवरचे मॉडेल ताडून पाहण्यावाचून गत्यंतर नसते. आणखी एक नित्याची गोष्ट म्हणजे होम सिंगल लँग्वेजच्या लॅपटॉपवर ‘प्रो टाकून दिले आहे’ असे मोठेपणाने सांगणे. गिऱ्हाइकाला वाटते जास्तीचे मिळाले. खरे तर त्याच्या हक्काचे होम काढून तिथे बिनपरवान्याचे प्रो बसवलेले असते. घरच्या वापरात होमने अडते असे फारसे काही नसतेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: चालतेय ना, मग कोण विचारतो? घरी येऊन कुणी विचारत नाही, हे खरे. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. खोटे ॲक्टिवेशन करणारी साधने प्रशासकाचे पूर्ण अधिकार मागतात, आणि ती टाकण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितले जाते, कारण विंडोज डिफेंडर त्यांना ऑटोकेएमएस अशा नावांनी हॅकटूल म्हणून पकडतो. एकदा ते दार उघडल्यावर त्या फाइलीसोबत आणखी काय आत आले हे दुकानदारालाही ठाऊक नसते, आणि त्याच मशीनवर पुढे बँकेचे व्यवहार, लोकांचे आधार तपशील आणि विद्यार्थ्यांच्या याद्या येतात. दुसरी गोष्ट कायद्याची. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३बी प्रमाणे संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नव्हता असे दिसले तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. घरी वापरणाऱ्याने यामुळे घाबरून जावे असे मी म्हणणार नाही. पण सेवा केंद्र, पतसंस्था, शिकवणीचा वर्ग यांचा वापर धंद्याचा आहे. ती सवलत त्यांना लागू होत नाही, आणि अनेकांना याची कल्पनाच नसते.

दुसरा आक्षेप स्वस्त कीचा. ऑनलाइन पाच-सातशे रुपयांत विंडोज प्रोची की मिळते, ती चालतेही, मग एवढी शोधाशोध कशासाठी? की आणि परवाना यांत फरक आहे, म्हणून. की हे कुलूप उघडण्याचे साधन, तर परवाना हा वापरण्याचा हक्क. या स्वस्त की कुठून येतात हे पाहिले की फरक आपोआप कळतो. काही एखाद्या संस्थेच्या घाऊक करारातल्या, अनेक मशीनवर चालणाऱ्या असतात. काही शिक्षण संस्थांसाठी किंवा सॉफ्टवेअर विकसकांच्या वर्गणीदारांसाठी दिलेल्या असतात. काही भंगारात गेलेल्या मशीनच्या स्टिकरवरून उतरवलेल्या. यांतली एकही विकण्याचा हक्क त्या विक्रेत्याकडे नसतो, आणि मायक्रोसॉफ्टने ती रद्द केली की विक्रेता सापडत नाही. ज्या मशीनमध्ये जन्माचा परवाना आहे तिथे हे पैसे निव्वळ वाया जातात. ज्यात नाही, तिथे रीतसर मार्ग दोन आहेत. पावतीसह रिटेल परवाना घ्यावा, किंवा मायक्रोसॉफ्टच्या रीफर्बिशर योजनेत असलेल्या विक्रेत्याकडून मशीन घ्यावे. त्या योजनेत जुन्या मशीनसाठी वेगळा परवाना आणि त्याचे वेगळे लेबल मिळते, म्हणून अशा मशीनवर मूळ लेबलाच्या जोडीला दुसरे लेबल दिसले तर ते चांगलेच लक्षण आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. एकदा पैसे मोजून घेतलेली वस्तू मालकाने कशी वापरावी आणि कुणाला विकावी हे कंपनीने का ठरवायचे? जुने पुस्तक विकायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. या युक्तिवादाला जगात न्यायालयांनी मान दिला आहे. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने ६ जुलै २००० रोजी मायक्रोसॉफ्टच्याच ओईएम प्रतींबद्दल सांगितले की प्रत एकदा विकली की पुढच्या व्यापाऱ्याने ती मशीनबरोबरच विकावी असे बंधन कंपनीला लादता येत नाही. युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ च्या ओरॅकलविरुद्ध यूज्डसॉफ्ट या निकालात डाउनलोड केलेल्या, कायमस्वरूपी परवान्याच्या सॉफ्टवेअरलाही हेच तत्त्व लावले, मात्र विकणाऱ्याने आपली प्रत निकामी केली पाहिजे अशी अट घातली. अमेरिकेत २०१० मध्ये ऑटोडेस्कच्या खटल्यात अपील न्यायालयाने नेमके उलटे म्हटले: ग्राहक प्रतीचा मालक नाही, तो परवानाधारक आहे, म्हणून त्याला पुढे विकता येत नाही. आपल्याकडे चित्र अजून पुरते स्पष्ट नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १४ मध्ये प्रत आधी विकली गेली असली-नसली तरी पुढच्या विक्रीवर हक्कधारकाचाच अधिकार राहील, अशा अर्थाचे शब्द होते. ते १९९९ च्या दुरुस्तीने गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तयार सॉफ्टवेअरला ‘माल’ ठरवले आणि २ मार्च २०२१ च्या निकालात अशा सॉफ्टवेअरसाठी दिलेले पैसे मालाच्या विक्रीचे आहेत, कॉपीराइटच्या रॉयल्टीचे नाहीत, असे म्हटले. हे दोन्ही करविषयक निकाल आहेत, त्यांवरून जुन्या विंडोजच्या विक्रीचा थेट निष्कर्ष काढणे घाईचे होईल. माझे स्वतःचे मत युरोपच्या बाजूने झुकते. विकलेली प्रत ग्राहकाची असली पाहिजे. पण या मताचा आधार घेऊन आजच्या बाजारातल्या प्रकारांचे समर्थन होत नाही. जर्मन आणि युरोपीय निकाल अस्सल, एकदा पैसे भरून घेतलेल्या प्रतीबद्दल आहेत. खोटा केएमएस किंवा शंभर जणांना विकलेली एकच की यांना त्यांतून कोणतेही संरक्षण मिळत नाही. आणि मशीनसकट परवाना पुढे देणे तर कंपनीच्या स्वतःच्या अटींतच मान्य आहे. तेवढा हक्क बजावायला न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.

परवाना सापडला म्हणजे सगळे मिळाले असेही नाही. प्रोसेसरच्या नावातला आय५ नंतरचा आकडा पाहावा. ७ ने सुरू होणारा, जसे ७२००, सातव्या पिढीचा; ८ ने सुरू होणारा, जसे ८२५०, आठव्या पिढीचा. सातव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये प्रोचा निखळ परवाना असला तरी विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालणार नाही, आणि विंडोज १० चे वाढीव सुरक्षा-अपडेट घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच मिळणार आहेत. अशा मशीनसाठी, तसेच जन्माचा परवाना नसलेल्या मशीनसाठी, लिनक्स हा पर्याय नुसता तोंडी लावण्यापुरता उरलेला नाही. उबुंटू, डेबियन, लिनक्स मिंट यांचे परवानेच असे आहेत की त्या कितीही मशीनवर टाका, कुणालाही द्या, सारे कायदेशीर. मराठी दिसते, इनस्क्रिप्टने टंकता येते, ब्राउझर आणि लिब्रेऑफिस चालते. ‘सामान्य माणसाला जमत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी केरळकडे पाहावे. तिथल्या सरकारी शाळांत गेली अनेक वर्षे मुले आणि शिक्षक मुक्त सॉफ्टवेअरच वापरत आहेत. मात्र ज्यांना टॅली किंवा एखाद्या सरकारी पोर्टलचे डिजिटल सहीचे साधन विंडोजवरच चालवावे लागते, त्यांनी आठव्या पिढीच्या खालचे मशीन घेऊ नये हे सरळ सांगायला हवे. मॅकबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. मॅकओएसचा परवाना ॲपलच्या मशीनबरोबरच येतो आणि त्याला वेगळी की नसते. तिथे जपायचे ते ॲक्टिवेशन लॉकला, म्हणजे आधीच्या मालकाने आपले खाते मशीनवरून काढले आहे की नाही याला.

तसेच कुलूप आता कॉर्पोरेट विंडोज लॅपटॉपलाही असते, आणि ते दुकानात कळत नाही. ऑटोपायलट या सोयीत कंपनी मशीनची ओळख मायक्रोसॉफ्टकडे नोंदवते. मशीन पूर्ण पुसून नव्याने सुरू केले आणि इंटरनेट जोडले की ते जुन्या कंपनीचे नाव दाखवून तिथल्या कर्मचाऱ्याचा लॉगिन मागते. परवाना अस्सल, पण मशीन अजून सुटलेलेच नाही. म्हणून घेण्याआधी फॉरमॅट मारून, वायफाय जोडून, सुरुवातीची पडदेमालिका आपल्यासमोर पूर्ण करून घ्यावी. त्यात अर्धा-पाऊण तास जातो. याच वेळी फर्मवेअरची की आणि एसएलएमजीआरची खिडकी दोन्ही पाहून होतात. पावतीवर नुसते ‘लॅपटॉप एक नग’ न लिहिता मॉडेल, सीरियल नंबर आणि ‘विंडोज प्रो, ओईएम, मशीनसोबत’ असे लिहून मागावे. प्रामाणिक दुकानदाराला यात अडचण नसते, आणि लिहून देण्याची टाळाटाळ झाली तर किंमत ठरवताना ती धरावी.

शाळांना देणगी म्हणून मिळणाऱ्या संगणकांबाबत हीच काळजी आधीच घेता येते, कारण तिथे विक्रेता नसतो आणि देणारी कंपनी समोर असते. दहा-वीस जुने संगणक एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येतात, फोटो निघतो, आणि सहा महिन्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात विंडोज ॲक्टिवेट करा अशी पुसट अक्षरे उमटतात, कारण कंपनीचे घाऊक विंडोज तसेच राहून गेलेले असते. कंपनीच्या आयटी खात्याला हे दुरुस्त करायला फारसे कष्ट नाहीत: डिस्क पुसायची, मशीनच्या स्वतःच्या परवान्याची आवृत्ती टाकायची, ऑटोपायलटमधून नाव काढायचे. मुख्याध्यापकांनी देणगीपत्रातच प्रत्येक मशीनचा सीरियल नंबर, प्रोसेसरची पिढी आणि सोबत येणारा परवाना अशी तीन रकान्यांची यादी मागावी. ज्या मशीनला परवाना नाही त्यांच्यापुढे तसे लिहून घ्यावे आणि त्यांवर लिनक्स टाकून मागावे. त्या पत्राची प्रत शाळेच्या जडवस्तुसंग्रह नोंदवहीला जोडली की पुढच्या वेळी मशीन फॉरमॅट करायला येणाऱ्या कारागिराला कोणती आवृत्ती टाकायची हे तिथेच वाचता येते.